अरण्याचा स्वर : एइतोर व्हिला-लोबोस

ज्याचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही असे एखादे तरी गाणे प्रत्येक घराने जपलेले असते. पहाटे जात्यावर बसलेल्या आजीच्या ओठांवर येणारी ओवी, भुलाबाईपुढे फेर धरून मुलींनी म्हटलेली गाणी, सातपुड्याच्या कुशीतील कोरकू वस्तीत ढोलाच्या तालावर रात्री उशिरापर्यंत चालणारा सूर, ही सारी गाणी कोणी रचली आणि कोणी प्रथम गाइली, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. तोंडातून कानात आणि कानातून पुन्हा तोंडात अशी ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शाळा शिकलेला मनुष्य त्यांचे फार तर कौतुक करतो. परंतु मोठ्या कलेची इमारत त्यांच्या पायावर उभी करता येईल, असे त्याच्या मनात सहसा येत नाही. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात एका पुरुषाच्या मनात ते आले, आणि त्यासाठी त्याने उभे आयुष्य वेचले. त्या थोर संगीतकाराचे नाव एइतोर व्हिला-लोबोस.

ब्राझील देश आपल्यापासून हजारो कोस दूर, समुद्रापलीकडे असला तरी अगदीच परका नाही. गोव्याप्रमाणे तेथेही पोर्तुगीजांची सत्ता होती, आणि सोळाव्या शतकात त्यांच्याच गलबतांतून ब्राझीलचा काजू गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. कोकणात तो इतका रुळला, की त्याचे मूळ परदेशात आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. फळे अशी सहज प्रवास करतात. गाण्यांना मात्र वाहून नेणारा कोणीतरी भेटावा लागतो. ब्राझीलच्या गाण्यांना तो व्हिला-लोबोस यांच्या रूपाने भेटला.

५ मार्च १८८७ रोजी रिओ दि जानेरो या तेव्हाच्या राजधानीत त्यांचा जन्म झाला. तो काळ मोठ्या स्थित्यंतराचा होता. १८८८ साली ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि १८८९ साली सम्राटाची सत्ता जाऊन प्रजासत्ताक आले. मूळचे अरण्यवासी लोक, पोर्तुगालहून आलेले गोरे आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक असे तीन प्रवाह त्या भूमीत एकत्र आले होते. राज्यकर्त्यांनी माणसामाणसांत भिंती घातल्या. गाण्यांनी त्या मानल्या नाहीत. रस्त्यांवर, धक्क्यांवर, सणासमारंभांत तिन्ही प्रवाहांचे सूर एकमेकांत मुरत होते. परंतु रिओच्या प्रतिष्ठित घरांत मान होता तो केवळ युरोपातून आलेल्या संगीताला.

एइतोरचे वडील राऊल हे राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरीला होते. ते विद्याव्यासंगी गृहस्थ असून हौसेने वाद्येही वाजवीत. मुलगा सहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला चेलो शिकवावयास आरंभ केला. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच जातीचे, परंतु गुडघ्यांमध्ये उभे धरून वाजवावयाचे मोठे वाद्य. एवढ्याशा मुलाला ते कसे पेलणार? म्हणून वडिलांनी व्हायोलिनहून किंचित मोठे असे एक वाद्य घेऊन ते त्याला चेलोसारखे उभे धरावयास दिले. त्यांची शिस्त कडक होती. रस्त्याने ट्राम गेली, तिची चाके करकरली, एखादे पाखरू ओरडले किंवा धातूची वस्तू खाली पडली, की तो आवाज कोणत्या स्वरातला आहे हे मुलाने तत्काळ सांगितले पाहिजे. चुकले तर गय नसे. बालवयात जाच वाटणाऱ्या ह्या अभ्यासाने एइतोरचे कान असे तयार झाले, की जगातील कोणताही आवाज त्याला पुढे निरर्थक वाटला नाही.

१८९९ साली, एइतोर बारा वर्षांचा असताना, वडील निवर्तले. संसाराचा सारा भार आई नोएमिया यांच्यावर आला. मुलाने डॉक्टर व्हावे, ही त्या माउलीची इच्छा; आणि तिच्या परिस्थितीत ती स्वाभाविकच होती. पण मुलाचे मन औषधांच्या पुस्तकांत नव्हते. त्या काळी रिओच्या गल्लीबोळांत बासरी, गिटार आणि काव्हाकिन्यो नावाची चार तारांची लहान गिटार घेऊन वादकांची टोळकी रात्र रात्र वाजवीत हिंडत. त्यांच्या संगीताला शोरो म्हणत. दिवसा टपालखात्यात किंवा एखाद्या कचेरीत राबणारी ही साधी माणसे रात्री कलावंत होत. प्रतिष्ठित समाज मात्र गिटारला उडाणटप्पूंचे वाद्य समजे. आपल्याकडे एके काळी सुखवस्तू घरातील मुलाने ढोलकीला हात लावला असता घरात जो गहजब झाला असता, तसाच तेथे गिटारने होई. आईने गिटारला बंदी केली. मुलगा चोरून शिकला. सोळाव्या वर्षी तर तो घर सोडून एका नातलग स्त्रीच्या आश्रयाला गेला आणि ह्या फिरत्या वादकांत उघडपणे मिसळला.

ह्याच सुमारास दुसराही एक संस्कार त्याच्यावर झाला. नात्यातील एक वडीलधारी स्त्री पियानोवर योहान सेबास्तियन बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवीत असे. बाख (१६८५–१७५०) हे पाश्चात्य संगीतातील ऋषितुल्य पुरुष होत. एका कानाने बाख आणि दुसऱ्या कानाने गल्लीतला शोरो ऐकत हा मुलगा वाढला. दोहोंपैकी एकाला उच्च आणि दुसऱ्याला नीच ठरविण्याची रीत त्याने कधी स्वीकारली नाही, आणि त्याच्या साऱ्या पुढील कार्याचे बीज येथेच आहे.

पोटासाठी व्हिला-लोबोस यांनी नाटकगृहांत, उपाहारगृहांत आणि मूकचित्रपटांच्या पडद्याखाली बसून चेलो वाजविला. मधल्या काळात, सुमारे १९०५ पासून, त्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांत भ्रमंती केली. ह्या प्रवासांविषयी ते पुढे फार रसाळ गोष्टी सांगत; नरभक्षकांच्या तावडीतून आपण कसे सुटलो, हीही त्यांतलीच एक. त्या गोष्टींत कल्पनेचा भाग मोठा होता, असे चरित्रकार मानतात. थोर माणसाच्या तोंडून निघालेली प्रत्येक गोष्ट खरीच असते असे नाही, आणि ती तपासून घेतल्याने त्याचे थोरपण उणे होत नाही. उत्तरेकडील व ईशान्येकडील लोकांची गाणी त्यांच्या कानी पडली आणि मनात रुजली, ह्याची साक्ष त्यांच्या रचना स्वतःच देतात.

अरण्यवासी जमातींच्या गाण्यांसाठी त्यांना आणखी एक खात्रीचा आधार मिळाला. १९१२ साली एदगार्द रोकेत-पिंतो हे मानवशास्त्रज्ञ पश्चिम ब्राझीलच्या अंतर्भागात गेले. त्यांच्याबरोबर फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरून घेणारे यंत्र होते. पारेसी व नांबिक्वारा या जमातींची गाणी त्यांनी त्यावर उतरवून घेतली. त्या मुद्रणांतील सूर व्हिला-लोबोस यांनी अभ्यासले आणि त्यांतील काही आपल्या रचनांत आणले. त्या मेणावर ज्यांचे आवाज उमटले, त्या गायकांना जग ओळखत नाही. त्यांचे सूर मात्र पुढे पॅरिसच्या सभागृहांत निनादले.

१९१३ साली व्हिला-लोबोस यांचा विवाह लुसीलिया गिमाराइस या गुणी पियानोवादक तरुणीशी झाला. पियानोसाठी लिहिण्यात त्यांना तिचे मोठे साहाय्य झाले, आणि त्यांच्या अनेक रचना प्रथम तिनेच लोकांना ऐकविल्या. १९१५ च्या नोव्हेंबरात रिओमध्ये केवळ त्यांच्याच रचनांचा जलसा झाला. काही जाणकारांनी वाखाणणी केली, काही टीकाकारांनी नाके मुरडली. आणि मग १९१७ हे साल उजाडले. त्या एका वर्षात त्यांनी वाद्यवृंदासाठी ब्राझीलच्या लोककथांवर आधारलेल्या दोन मोठ्या रचना सिद्ध केल्या : एक ‘आमाझोनास’ आणि दुसरी ‘उइरापुरू’.

वाद्यवृंद म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्या मैफलीत एक गायक किंवा वादक मुख्य असतो. राग त्याच्या मनात असतो आणि तो जागच्या जागी फुलत जातो. पाश्चात्य वाद्यवृंदात साठ-सत्तर, कधी शंभरही वादक एकत्र बसतात. प्रत्येकाने कोणत्या क्षणी कोणता स्वर किती वेळ वाजवावा, हे रचनाकाराने आधीच कागदावर लिहून ठेवलेले असते, आणि हातात छडी घेतलेला संचालक त्या सर्वांना एका श्वासात बांधतो. तेव्हा अशी रचना लिहावयाची म्हणजे शंभर माणसांचे आवाज एकाच वेळी मनात ऐकावयाचे. व्हिला-लोबोस यांनी त्या वाद्यांतून अरण्य ऐकले.

उइरापुरू हे आमाझोन नदीच्या खोऱ्यातील एक लहानसे तपकिरी पाखरू. रूपाने साधे, पण त्याचा कंठ असा, की ते गाऊ लागले म्हणजे रानातील इतर पक्षी गप्प होतात, असे तेथील लोक मानतात. ते जवळ असणे भाग्याचे, अशीही त्यांची समजूत आहे. व्हिला-लोबोस यांनी आपल्या रचनेसाठी निवडलेली कथा अशी. चांदण्या रात्री अरण्यातील लोक उइरापुरूच्या शोधात निघतात. तो पक्षी म्हणजे साक्षात प्रीतीचा देव, असा त्यांचा विश्वास. वाटेत त्यांना नाकाने बासरी वाजविणारा एक कुरूप म्हातारा भेटतो. त्याची बासरी त्यांना खपत नाही आणि ते त्याला मारून हाकलतात. इतक्यात एक रूपवती तरुणी धनुष्य घेऊन येते, पक्ष्याच्या गाण्याने मोहून जाते आणि त्याच्यावर बाण सोडते. बाण लागताच पक्ष्याचा देखणा तरुण होतो. सर्वजणी त्याच्याभोवती जमतात. पण दुरून म्हाताऱ्याची बासरी ऐकू येते. मत्सराने पेटलेला तो परत येतो आणि तरुणाला बाणाने मारतो. मुली त्याचे शव झऱ्यावर नेतात. तेथे तो पुन्हा पक्षी होतो आणि उडून दिसेनासा होतो. उरते ते केवळ त्याचे गाणे.

ही कथा शब्दांवाचून सांगावयाची होती. व्हिला-लोबोस यांनी पक्ष्याचा आलाप बासरीला दिला. नेहमीच्या वाद्यांना सॅक्सोफोनची जोड दिली. व्हायोलिनला कर्णा बसवून केलेले एक विलक्षण वाद्यही घेतले, ज्याचा आवाज नेहमीच्या व्हायोलिनपेक्षा अनुनासिक येतो. शिवाय ब्राझीलच्या रस्त्यांवरची आणि खेड्यांतली तालवाद्ये त्यांनी आणून मोठ्या सभागृहात बसविली. खाचा पाडलेल्या बांबूवर काठी घासून वाजविण्याचे रेको-रेको हे त्यांपैकीच एक. ज्या वाद्यांना सभ्य घराच्या ओटीवरही जागा नव्हती, ती व्हायोलिन व पियानो यांच्या पंगतीला बसली. सुमारे वीस मिनिटांच्या ह्या रचनेत ऐकणाऱ्याला झाडांची दाटी, किड्यांची किरकिर, दूरवरचा पाण्याचा आवाज आणि मधूनच सारे निःस्तब्ध करणारी ती शीळ, असे सारे भासत राहते.

परंतु लिहिलेली रचना ऐकली जावी लागते, आणि त्यासाठी तिच्या कर्त्याला फार काळ थांबावे लागले. मधल्या वर्षांत त्यांचे नाव मात्र वाढत होते. प्रख्यात पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन हे रिओला आले असताना एका चित्रपटगृहात त्यांच्या कानी व्हिला-लोबोस यांचे संगीत पडले. भेटावयास गेल्यावर रचनाकाराने त्यांचे स्वागत बऱ्याच तुसडेपणाने केले. पण मागाहून एका सकाळी तेच आपले वादक-मित्र घेऊन रुबिन्स्टाइन यांच्या उतरण्याच्या जागी दाखल झाले आणि त्यांना आपल्या रचना ऐकविल्या. पुढे रुबिन्स्टाइन यांनी त्यांचे संगीत देशोदेशी वाजविले.

१९२२ हे ब्राझीलच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचे वर्ष. त्या फेब्रुवारीत साओ पावलो शहरी नव्या विचारांच्या कवींनी, चित्रकारांनी व संगीतकारांनी एक कलासप्ताह भरविला. युरोपची नक्कल पुरे झाली, आपल्या मातीतून आपली कला उगवली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. व्हिला-लोबोस रंगमंचावर आले ते एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात चप्पल घालून. पाय दुखावल्यामुळे त्यांना बूट घालता येत नव्हता, एवढेच त्याचे कारण होते. प्रेक्षकांना वाटले, हेही नव्या कलेचे काही सोंगच असावे! त्यांनी हुल्लड केली, आरोळ्या दिल्या. व्हिला-लोबोस शांतपणे आपले काम पुरे करून गेले.

१९२३ साली सरकारी साहाय्य व धनिक स्नेह्यांची मदत घेऊन ते पॅरिसला गेले. त्या काळी लहान देशांतील कलावंत पॅरिसला जात ते बहुधा शिकण्यासाठी. व्हिला-लोबोस यांची वृत्ती निराळी होती. आपण शिकावयास आलो नसून केलेले दाखवावयास आलो आहो, असे ते बेधडक सांगत. तो काहीसा उद्धटपणा होताच. पण परवशतेत वाढलेल्या देशाच्या माणसाचा तो स्वाभिमानही होता. १९२७ साली ते पुन्हा तेथे गेले, आणि त्या वर्षीच्या त्यांच्या जलशांनी पॅरिसच्या रसिकांना चकित केले. गल्लीतल्या शोरो संगीताचे नाव घेऊन त्यांनी रचनांची एक मोठी मालिकाच लिहिली. तिची सुरुवात एकट्या गिटारने होते आणि पुढे ती प्रचंड वाद्यवृंद व गायकवृंदापर्यंत जाते. आईने ज्या गिटारला घरात बंदी केली होती, त्याच गिटारसाठी त्यांनी आन्द्रेस सेगोव्हिया या स्पॅनिश वादकासाठी बारा अभ्यासरचना लिहिल्या, आणि त्या आज जगभरच्या गिटारवादकांच्या नित्यपाठात आहेत.

१९३० साली ते मायदेशी परतले, आणि येथून त्यांच्या चरित्राचा तो भाग सुरू होतो, जो विद्यार्थ्यांना विशेष जवळचा वाटेल. कीर्ती मिळविलेला हा संगीतकार शाळकरी मुलांना गाणे शिकवू लागला. १९३२ साली रिओच्या शाळांतील संगीतशिक्षणाची सूत्रे त्यांच्या हाती आली. प्रत्येक मुलाला गाता आले पाहिजे, आणि त्याने आधी आपल्या देशाची गाणी गाइली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी मुलांची १३७ लोकगीते जमवून, त्यांना गायनासाठी व वादनासाठी रूप देऊन एक संग्रह सिद्ध केला. फेर धरताना, झोपवताना, खेळताना म्हणावयाची ती गाणी. शिक्षकांसाठी वर्ग काढले. हाताच्या खुणांनी स्वर दाखविण्याची पद्धत त्यांनी प्रचारात आणली, त्यामुळे स्वरलिपी न येणारी मुलेही एकत्र गाऊ लागली. १९४० साली रिओच्या वास्को द गामा क्रीडांगणात सुमारे चाळीस हजार मुलांनी एकसुरात गायन केले. उंच मचाणावर उभे राहून व्हिला-लोबोस त्यांचे संचालन करीत होते.

ह्या कार्याची दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. १९३० साली सत्तेवर आलेले जेतुलिओ व्हार्गास हे १९३७ पासून १९४५ पर्यंत ब्राझीलचे हुकूमशहा होते, आणि मुलांच्या ह्या विराट गायनांचा उपयोग त्यांच्या राजवटीने आपल्या गौरवासाठी करून घेतला. व्हिला-लोबोस यांनी त्याला हरकत घेतली नाही, असा ठपका त्यांच्यावर ठेवला जातो, आणि तो खोटा म्हणता येत नाही. राज्याश्रयाने कलेचे बळ वाढते, तसेच तिच्यावर ओझेही येते. त्या राजवटीचा अंमल सरला. मुलांनी शिकलेली लोकगीते मात्र उरली.

मुलांना संगीत रचण्याची गोडी लागावी म्हणून त्यांनी एक गमतीची युक्ती काढली होती. चौकटीच्या कागदावर डोंगराची बाह्यरेषा काढावयाची. रेषा जितकी वर चढेल तितका स्वर उंच, आणि आडवी जितकी लांबेल तितका तो दीर्घ. अशा रीतीने डोंगराचे गाणे होई! १९३९ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या उंच इमारतींच्या रेषेवरून एक पियानोरचना केली, आणि १९४४ मधील त्यांची सहावी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली विस्तृत रचना, ब्राझीलच्या डोंगररेषांवर बेतलेली आहे. बुऱ्हाणपुराहून खंडव्याच्या वाटेने जाताना अशीरगड आणि त्यामागची सातपुड्याची रांग आपण किती वेळा पाहिली असेल! तिची रेषा चौकटीच्या कागदावर उतरवून, शाळेच्या पेटीवर तिचा सूर काय निघतो हे एखाद्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखे आहे.

‘उइरापुरू’चा योग अखेर १९३५ च्या मे महिन्यात आला. अर्जेंटिनातील बोइनोस आयरिस शहराच्या कोलोन नाट्यगृहात स्वतः रचनाकाराच्या संचालनाखाली ती प्रथम सादर झाली. तिशीतल्या तरुणाने लिहिलेली रचना ऐकविण्यासाठी त्याला अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात तिच्यावर त्यांनी पुन्हा हात फिरविला होता. तिला फेकून मात्र दिले नव्हते. पुढे लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांच्यासारख्या श्रेष्ठ संचालकाने अमेरिकेत तिचे ध्वनिमुद्रण केले, आणि त्या रानपाखराची शीळ जगभर पोहोचली.

बालपणी ऐकलेले बाखही ते विसरले नव्हते. १९३० ते १९४५ या काळात त्यांनी नऊ रचनांची एक मालिका लिहिली. बाख यांची बांधणी आणि ब्राझीलच्या लोकगीतांचा गोडवा ह्यांचा तीत संगम आहे. तिच्यातील पाचवी रचना एक गायिका आणि आठ चेलो यांच्यासाठी आहे. ती त्यांची सर्वांत लोकप्रिय कृती. दुसऱ्या रचनेचा शेवटचा भाग म्हणजे खेडवळ माणसांना घेऊन जाणारी लहानशी आगगाडी. प्रथम इंजिन धापा टाकते, मग चाके वेग घेतात, शिटी होते, वर एक साधे, खेड्यातले वाटावे असे गाणे तरंगते, आणि शेवटी गाडी कण्हत थांबते. लालबागच्या रहिवाशांच्या दाराशीच बुऱ्हाणपूरचे स्टेशन आहे. गाडीचा आवाज त्यांना पाळण्यापासून ओळखीचा. त्या आवाजातही संगीत असू शकते, हे ही रचना ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ट्रामच्या चाकांचा स्वर ओळखावयास लावणाऱ्या राऊल यांची शिकवण येथे फळाला आलेली दिसते.

१९४८ साली त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि न्यूयॉर्क येथे त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरची अकरा वर्षे ते विलक्षण वेगाने लिहीत राहिले. घरात माणसांची वर्दळ असो, गप्पा चालू असोत, त्यांची लेखणी थांबत नसे. १९३६ पासून त्यांच्या सहवासात असलेल्या आर्मिंडा यांनी ह्या काळात त्यांची सावलीसारखी सोबत केली. सतरा तंतुवाद्य-चतुष्के, बारा सिंफनी आणि इतर शेकडो रचना मागे ठेवून १७ नोव्हेंबर १९५९ रोजी रिओ येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अखेरच्या मोठ्या कृतींपैकी एक पुन्हा आमाझोनच्या अरण्यावरच आहे. १९६० साली त्यांच्या नावाने संग्रहालय स्थापन झाले, १९८६ साली निघालेल्या ब्राझीलच्या ५०० क्रुझादोंच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले, आणि त्यांचा जन्मदिवस, ५ मार्च, हा तेथे अभिजात संगीताचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो.

ह्या चरित्राचा विचार करताना लालबागच्या कुंडी भंडाऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सातपुड्यावर पडलेले पाणी जमिनीखाली झिरपत येते हे ओळखून, सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल काळातील जाणत्या माणसांनी ओळीने कुंड्या खणल्या, त्या भुयाराने जोडल्या आणि ते पाणी शहराला आणून दिले. पाणी आधीपासूनच होते. ते कोठे आहे हे ओळखणारा कान, खाली उतरण्याची तयारी आणि खणण्याचे कष्ट, एवढेच माणसाचे. लोकांच्या गाण्यांचेही तसेच आहे. व्हिला-लोबोस यांनी गाण्यांचा झरा निर्माण केला नाही. त्यांनी कुंड्या खणल्या आणि जगाला पाणी पाजले.

मात्र खणणारा वेळेवर आला नाही, तर झरा आटतो. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांना लिहितावाचता येत नव्हते. घरकाम, शेतकाम करताना त्या ओव्या रचीत. त्यांच्या पुत्राने, कवी सोपानदेवांनी, व घरच्या माणसांनी त्या लिहून ठेवल्या, आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल जाणले आणि १९५२ साली त्या ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. जे लिहिले गेले ते वाचले. ज्या ओव्या कागदावर आल्याच नाहीत, त्या त्या माउलीबरोबरच गेल्या. आपल्या खानदेशात, निमाडात, सातपुड्याच्या पाड्यांवर अशा किती बहिणाबाई होऊन गेल्या असतील, ह्याची गणती कोण करणार?

मोठा वाद्यवृंद उभारणे प्रत्येकाच्या हाती नसते. परंतु एक वही आणि एक पेन्सिल प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असते. येत्या सुट्टीत आजीजवळ, मावशीजवळ, शेतावर राबणाऱ्या काकांजवळ बसून त्यांचे एखादे गाणे शब्दशः उतरवून घ्यावे, आणि त्याखाली गाव, तारीख व गाणाऱ्याचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहावे. पारेसी गायकांना जगाने जे दिले नाही, ते निदान आपल्या घरच्या माणसांना तरी मिळेल.